सातारा-सांगलीचे एमबीए: वर्ग इथे, नोकरी तिथे

सातारच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २००६ रोजी निर्बंध लादले आणि महिन्याभरातच ती आयडीबीआय बँकेत विलीन झाली. ही बँक १९३६ पासून साताऱ्यात मुख्यालय असलेली. पुढच्या वर्षी, एप्रिल २००७ मध्ये, १९१६ साली निघालेली सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली. बँक ऑफ कराड तर त्याआधीच, १९९२ च्या रोखे घोटाळ्यात, बुडाली होती. शाखा राहिल्या, पाट्या बदलल्या, खातेदारांचे पैसे बहुतांशी वाचले. पण कर्जमंजुरी, अंतर्गत तपासणी, गुंतवणूक, कर्मचारी विभाग अशी जी टेबले हेड ऑफिसात असतात, ती मुंबईला गेली. गावातल्या कॉलेजात बी.कॉम. करून बँकेत क्लार्क म्हणून चिकटायचे आणि निवृत्त होताना हेड ऑफिसात अधिकारी असायचे, ही या दोन्ही शहरांतल्या मध्यमवर्गाची जुनी शिडी होती. ती काढून घेतली गेली.

सातारा-सांगलीत एमबीए करणाऱ्या मुलामुलींच्या अनुभवाबद्दल बोलताना इंग्रजी, फी आणि पॅकेज या तीन गोष्टींवरच चर्चा थांबते. तिन्ही महत्त्वाच्या आहेतच. मात्र त्यांच्या मागे एक मोठी विसंगती उभी आहे. हा अभ्यासक्रम निर्णय घ्यायला शिकवतो, आणि निर्णय जिथे घेतले जातात ती कार्यालये या जिल्ह्यांत कमी होत चालली आहेत. विद्यार्थी दोन वर्षांत जे काही अनुभवतो, त्यातले बरेचसे या विसंगतीतून येते.

व्यवस्थापनाचे शिक्षण या भागात उशिरा आले असे मात्र नाही. हार्वर्डची बिझनेस स्कूल १९०८ ची, कलकत्ता आणि अहमदाबादच्या आयआयएम १९६१ च्या, मुंबईची जमनालाल बजाज संस्था १९६५ ची. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९७६ मध्ये, डॉ. ए. डी. शिंदे यांनी कोल्हापुरात ‘सायबर’ ही व्यवस्थापन संस्था सुरू केली. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाच्या छत्राखाली असल्याने सांगली-साताऱ्याच्या मुलांना एमबीएसाठी पहिल्यांदा कोल्हापूरच जवळचे वाटले. पुढे रयत शिक्षण संस्थेची कर्मवीर भाऊराव पाटील इन्स्टिट्यूट साताऱ्याजवळ वर्ये येथे उभी राहिली. भारती विद्यापीठाने सांगलीत काढलेल्या संस्थेच्या नावातच व्यवस्थापनाबरोबर ‘ग्रामीण विकास प्रशासन’ आहे. वाळवा तालुक्यातल्या राजारामनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि साताऱ्याजवळ वाढे येथील यशोदा संकुलातही एमबीएचे वर्ग भरतात. आज एखाद्या विद्यार्थ्याला घरून जाऊन-येऊन एमबीए करता येते, ही वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सहज न मिळणारी सोय आहे.

या वर्गांत बसतात कोण? एका बाकावर बी.कॉम. झालेली मुलगी असते, शेजारी कॅम्पसमध्ये नोकरी न मिळालेला मेकॅनिकल इंजिनिअर, मागे बी.एस्सी. अॅग्री, त्याच्या पलीकडे बीसीए. राज्याच्या सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा, मग केंद्रीय प्रवेशाचे कॅप राउंड, पर्याय भरणे, कागदपत्र पडताळणी, अशा वाटेने ते इथवर येतात. भारती विद्यापीठ अभिमत असल्याने त्याची परीक्षा वेगळी. कॅपच्या यादीत पुण्याचे कॉलेज वर टाकायचे की घराजवळचे, यावर घरात बैठक बसते आणि ती बहुतेक वेळा खोलीभाडे व मेसच्या हिशेबावर संपते. काहींच्या डोक्यात एमबीए दुसऱ्या क्रमांकावर असते. एमपीएससीचा अभ्यास चालू आहे, दोन वर्षे रिकामी दिसायला नकोत, म्हणून प्रवेश घेतलेला. अशा विद्यार्थ्याच्या बॅगेत मार्केटिंगच्या नोट्सखाली लक्ष्मीकांतचे ‘इंडियन पॉलिटी’ असते.

फीचे गणित अलीकडे बदलले आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या खुल्या गटातील विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, त्याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. प्रवेश कॅपमधून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे, ही अट. त्याआधी, १७ मार्च २०२३ पासून, महिलांना एसटीचे तिकीट अर्धे झाले होते. कोरेगाव, वाई किंवा तासगावहून रोज ये-जा करणाऱ्या मुलीच्या घरात हे दोन निर्णय एकत्र मोजले जातात. पूर्वी ‘बी.कॉम. झाले, आता स्थळे बघू’ असे म्हणणाऱ्या बापाला दोन वर्षे न थांबायला पैशाचे कारण उरले नाही. मुलाच्या बाबतीत निम्मी फी आजही घरातून जाते. ती भरायची तारीख आणि उसाच्या बिलाची तारीख जुळत नाही, तेव्हा सोसायटी, पतसंस्था किंवा मामा मदतीला येतो.

पहिल्या सत्राचा धक्का भाषेचा असतो. बी.कॉम.पर्यंत अनेकांनी मराठीत पेपर लिहिलेले असतात किंवा इंग्रजी पुस्तकाचा मराठीत समजावलेला अर्थ पाठ केलेला असतो. एमबीएत पेपर इंग्रजीत, प्रेझेंटेशन इंग्रजीत आणि गटचर्चाही इंग्रजीत. वर्गात प्राध्यापक एक वाक्य इंग्रजीत बोलतात, दुसऱ्यात मराठीत फोड करतात. विषय समजतो, पण बोलण्याचा सराव तेवढाच कमी होतो. मग ब्लेझर घालून व्यासपीठावर उभे राहिले की पाठ केलेली पहिली तीन वाक्ये संपतात आणि पुढे स्लाइड वाचणे सुरू होते. याच विद्यार्थ्याला बाजार समितीत बापाबरोबर उभे करा, अडत, तोलाई आणि कटतीचा हिशेब तो तोंडी करून दाखवेल. त्याला व्यवहार येतो. त्याचे ज्ञान ज्या भाषेत आहे, त्या भाषेत परीक्षा होत नाही, एवढीच अडचण.

पुस्तकांनी ही दरी आणखी रुंद केली. मार्केटिंगसाठी फिलिप कोटलर, उदाहरणे कोका-कोला, नायके आणि स्टारबक्सची. यात गैर काही नाही. कोटलरचे पुस्तक १९६७ पासून जगभर शिकवले जाते ते उगाच नाही. पण कॉलेजपासून तासाभराच्या अंतरावर असलेली उदाहरणे वर्गात क्वचित येतात, हे खटकते.

किर्लोस्करवाडीचेच घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना आणला. नांगर विकायचा तर आधी शेतकऱ्याशी बोलायला हवे, या गरजेतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे पत्रक निघाले. शं. वा. किर्लोस्करांनी त्याचे मराठीतले आघाडीचे मासिक केले, आणि १९३० मध्ये त्याला ‘स्त्री’ची जोड दिली. कंपनीने ग्राहकासाठी स्वतःचे वाचनीय माध्यम चालवायचे, याला आज ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणतात आणि त्याचा वेगळा पेपर असतो. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीत १९१६ मध्ये काचकारखाना सुरू झाला आणि त्याचा प्रभाकर कंदील घराघरांत गेला. किर्लोस्करांच्या नांगरांचे आणि ओगल्यांच्या काचमालाचे विक्रेते म्हणून खेडोपाडी फिरलेले एक गृहस्थ होते भाऊराव पाटील. धनजीशा कूपर यांच्या सातारा रोडच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. १९१९ मध्ये काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. ज्यांच्या नावाच्या संस्थेत आज मुले विक्रीकौशल्य शिकतात, ते कर्मवीर स्वतः फिरते विक्रेते होते. ‘कमवा आणि शिका’ ही योजनाही मुळात खर्च आणि उत्पन्नाचा मेळ घालणारी होती.

सांगलीची हळद हा तर पुरवठा साखळीचा पूर्ण धडा आहे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या हरिपुरात जमिनीखालची पेवे होती. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षे किडीशिवाय टिकायची, आणि पेवातल्या मालाच्या पावतीवर व्यापार व्हायचा. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले, हळद सडली, अनेक पेवे कायमची निकामी झाली. साठवणूक गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. बेदाण्याला ते दोन वर्षे आधीच मिळाले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली आणि गणपती पेठेतल्या व्यापाऱ्यांचा माल पुन्हा बुडाला. साठवणूक, तारण कर्ज, विमा, मानांकनाचा भावावर होणारा परिणाम, असे चार पेपर एका पिकात बसतात. खानापूर-आटपाडी-तासगाव पट्ट्यातले गलाईवाले हे आणखी एक उदाहरण. विट्याच्या परिसरातली कुटुंबे देशातल्या शेकडो सराफ बाजारांत सोने-चांदी शुद्ध करून देण्याचा धंदा करतात. भांडवलापेक्षा विश्वासावर चालणारे हे जाळे नात्यागोत्यातून पसरले. त्यांची मुले एमबीएच्या वर्गात असतात आणि तिथे फ्रँचायझीची व्याख्या पाठ करतात.

वर्गाबाहेरचा अनुभव म्हणजे ‘समर’. दुसऱ्या सत्रानंतर साधारण दोन महिने कुठल्यातरी संस्थेत प्रशिक्षण, त्यावर प्रोजेक्ट रिपोर्ट आणि मग व्हायव्हा. पुण्यात ओळख नसेल तर पहिला दरवाजा साखर कारखान्याचा. कोणी संचालक गावातला, कोणी चिटणीस पाहुणा, परवानगी लवकर मिळते. विषयही ठरलेले असतात. फायनान्सवाल्याला ‘रेशो अॅनालिसिस’, एचआरवाल्याला ‘कामगार कल्याण’, मार्केटिंगवाल्याला दूध संघाच्या ग्राहकांचे समाधान. जुने रिपोर्ट ग्रंथालयात काळ्या बांधणीत रांगेने लावलेले असतात आणि नवे त्यांच्या सावलीत लिहिले जातात.

यात एक बारीक पण खोल चूक दडलेली आहे. ऊस गाळप साधारण नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालते. समर येते जून-जुलैमध्ये, जेव्हा गव्हाण बंद असते आणि यंत्रे दुरुस्तीसाठी उघडलेली असतात. तोडणी टोळ्यांचे नियोजन, बैलगाड्या-ट्रॅक्टरांची रांग, उताऱ्यावरून उठणारे वाद, कामगारांच्या तीन पाळ्या, यातले काहीच विद्यार्थ्याला दिसत नाही. तो मागच्या पाच वर्षांचे ताळेबंद उतरवून घेतो. हळदीचे मोठे सौदे फेब्रुवारीपासून उन्हाळ्यात होतात, बेदाणा शेडवर तयार होतो तो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. त्या काळात विद्यार्थी अंतर्गत चाचण्या देत असतो. अलीकडच्या वर्षांत कॅप राउंड लांबत गेल्याने वेळापत्रक आणखी सरकले. जिल्ह्याची अर्थव्यवस्था हंगामावर चालते आणि विद्यापीठाचे कॅलेंडर सत्रांवर. दोघांची गाठ पडत नाही. एखाद्या स्वायत्त महाविद्यालयाला समर हिवाळ्यात नेणे अवघड नाही. तसे झाले तर प्रोजेक्ट रिपोर्टची अर्धी नक्कल आपोआप थांबेल, कारण चालू कारखान्यात रोज नवा प्रश्न उभा राहतो.

जगातही या पदवीवर टीका काही कमी झालेली नाही. कॅनडाचे व्यवस्थापनतज्ज्ञ हेन्री मिंट्झबर्ग यांनी २००४ च्या पुस्तकात मांडले की एमबीए चुकीच्या माणसांना, चुकीच्या पद्धतीने शिकवते. ज्याने कधी माणसे सांभाळलेली नाहीत, त्याला वर्गात बसवून व्यवस्थापक करता येत नाही. २०१० मध्ये श्रीकांत दातार आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमबीएचा आढावा घेताना माहितीपेक्षा प्रत्यक्ष करण्यावर आणि स्वतःला ओळखण्यावर भर हवा असे सुचवले. दातार २०२१ पासून हार्वर्ड बिझनेस स्कूलचे डीन आहेत. मिंट्झबर्ग यांचा आक्षेप साताऱ्याला लावला तर उत्तर सरळ येत नाही. इथला विद्यार्थी पदवीनंतर थेट आलेला, नोकरीचा अनुभव शून्य. पण त्याने घरच्या गोठ्याचे दूध केंद्रावर घातलेले असते, द्राक्षबागेत मजुरांची हजेरी मांडलेली असते, चुलत्याचे दुकान सांभाळलेले असते. हा अनुभव बायोडेटात कसा लिहायचा, हे त्याला कोणी सांगत नाही. त्यामुळे तो ‘फ्रेशर’ म्हणूनच मुलाखतीला बसतो.

प्लेसमेंटच्या फलकावर दरवर्षी एक आकडा मोठ्या अक्षरात झळकतो, सर्वोच्च पॅकेजचा. राष्ट्रीय क्रमवारीसाठी, म्हणजे एनआयआरएफसाठी, संस्थांना मध्यक पगार कळवावा लागतो. निम्म्या विद्यार्थ्यांना ज्याच्यापेक्षा कमी मिळते तो आकडा. प्रवेश घेणाऱ्या पालकाने विचारावा असा प्रश्न तोच आहे, पण तो विचारला जात नाही. प्रत्यक्षात कॅम्पसला येतात त्या खासगी बँका, विमा कंपन्या, गृहकर्ज आणि सूक्ष्म वित्त कंपन्या. पद ‘रिलेशनशिप ऑफिसर’चे, काम खाती उघडण्याचे किंवा वसुलीचे, महिन्याचे टार्गेट ठरलेले. एचआर घेतलेल्यांना चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत किंवा मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे जागा मिळते. फायनान्समध्ये ज्याला टॅली, जीएसटी आणि एक्सेल नीट येते त्याची हिंजवडी-खराडीच्या बॅक ऑफिसात लवकर सोय लागते. वर्षभरात अनेकजण नोकरी बदलतात. गावाकडे फोनवर सांगितले जाते, ‘कंपनी चेंज केली.’

बाहेर पडणे या भागाला नवे नाही. साताऱ्यातली, विशेषतः पाटण-जावळीची, घरेच्या घरे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेली. माथाडी कामगारांना १९६९ चा कायदा मिळवून देणाऱ्या लढ्याचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. तेव्हाची बाहेरची वाट पुरुषांची होती, बायका गावी शेत बघायच्या. आता एमबीए झालेली मुलगी पुण्यात तीन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते आणि पहिल्या पगारातून घरी पैसे पाठवते. पदवीने दिलेले हे सर्वांत स्पष्ट फळ आहे. ते पॅकेजच्या फलकावर येत नाही. मात्र लग्न ठरले की तिची नोकरी नवऱ्याच्या गावावर अवलंबून राहते, हेही तितकेच खरे.

याच सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला, दुसऱ्या तऱ्हेची बिझनेस स्कूल आहे. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांनी बँक काढायचे ठरवले, तेव्हा संस्थापक सभासद निरक्षर म्हणून परवाना नाकारला गेला. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि कॅल्क्युलेटरशिवाय व्याज काढून दाखवायची तयारी त्यांनी अधिकाऱ्यांपुढे ठेवली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. २००६ मध्ये तिच्या जोडीला ग्रामीण महिलांसाठी उद्योगिनी बिझनेस स्कूल आली, पुढे तीच शाळा बसमध्ये बसवून गावोगाव नेली. इथे पदवी नाही, सीईटी नाही. शेळीपालन करणारी, भाजी विकणारी, शिवणकाम करणारी बाई येते आणि दुसऱ्या दिवशी शिकलेले धंद्यात वापरते. २०१८ मध्ये दाव्होसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षांत चेतना सिन्हा होत्या. साताऱ्यातल्या एमबीएच्या मुलांनी समरसाठी म्हसवड निवडले, तर कर्जफेडीचे वर्तन आणि छोट्या धंद्याचे रोख-नियोजन त्यांना जिल्ह्यातच शिकता येईल.

परत येणारे किंवा न गेलेलेही आहेतच. कोणी घरच्या बेदाण्याच्या शेडला ब्रँड लावतो, कोणी खताच्या दुकानाचे हिशेब संगणकावर आणतो, कोणी पतसंस्थेत शाखाधिकारी होतो. सहकारी बँकांतली नोकरी मात्र आता पूर्वीसारखी निश्चिंत राहिली नाही. कराड जनता बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाला, आणि कर्जमंजुरीत संचालकांची ओळख चालली की काय होते, हे सगळ्या जिल्ह्याने पाहिले. जोखीम व्यवस्थापनाच्या तासाला याहून जवळचा विषय शोधावा लागणार नाही.

एमबीएसाठी गावातच जागा निर्माण करणारी एक सरकारी वाट २०२० मध्ये उघडली. देशभर दहा हजार शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या करण्याच्या केंद्राच्या योजनेत प्रत्येक कंपनीला तीन वर्षांसाठी १८ लाख रुपयांपर्यंत मदत आहे आणि त्यातून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला महिना २५ हजारांपर्यंत पगार देता येतो. काम खऱ्या व्यवस्थापकाचे आहे. सभासद शेतकऱ्यांकडून माल गोळा करायचा, प्रतवारी लावायची, खरेदीदाराशी दर ठरवायचा, खेळते भांडवल उभे करायचे, संचालक मंडळातली भांडणे मिटवायची. घरात राहून २५ हजार म्हणजे खोली, मेस आणि प्रवास वजा केल्यावर पुण्यातल्या अनेक पहिल्या नोकऱ्यांच्या बरोबरीचे. तरीही अर्ज कमी येतात. पगाराची हमी तीन वर्षांचीच, पुढे कंपनीने स्वतः कमवून द्यायचा. अध्यक्ष गावातलाच, कधी भावकीतलाच. आणि ‘मुलगा पुण्याला असतो’ या वाक्याला लग्नाच्या बोलणीत जे वजन आहे, ते ‘मुलगा आपल्याच तालुक्यात कंपनी चालवतो’ याला अजून आलेले नाही.